वारामागं तीन बोटं

गुंजवणे
८ ऑगस्ट २०२४

दादांना अंजनाचा जय भीम.

परवा फोन केला, पण तुमाला ऐकू येईना. हितं रेंज मिळते ती धरणाच्या भिंतीपाशी, म्हणजे तिथं उभं राहून ओरडायचं आन निम्म्या गावाला आपलं घरचं ऐकवायचं. त्यात काम मापाचं हाय. मापं कागदावरच बरी, म्हणून लिहिते.

आमच्या बचत गटानं भाताचं मळणी यंत्र घेतलंय. विहाराच्या पडवीत ठेवलंय. वर पत्रा हाय, पण हितला पाऊस काय सरळ पडतो का? आडवा येतो आन आत शिरतो. प्लास्टिकचा कागद बांधला होता, तो दुसऱ्याच दिवशी वाऱ्यानं नेला. गटाच्या अध्यक्ष सखूबाई म्हणाल्या, अंजना, तुझा भाऊ भोरला क्यानवासची कव्हरं शिवतो ना, मग त्यालाच इचार की. तर कापड किती लागंल ते कळवा. गेनबाचा टेम्पो भोरच्या बाजाराला येतो, त्याच्याकडनं कापड घेऊन तुमच्या घरी पोचवू.

यंत्राची देखभाल आमच्या सुनेकडं, दीपमालाकडं दिलीय. चावी तिच्याकडंच असते. लगीन होऊन दीड वरीस झालं, गटात सगळ्यांत लहान तीच, आन उत्रोलीसनं हितं आल्यापासनं पयल्यांदाच कुणी तिच्यावर काही सोपवलंय. चावी कनवटीला लावून फिरते. अजित रविवारी पुण्यासनं घरी आला की त्याला आधी यंत्र दाखवायला नेते, मग चहा.

तिनं टेप लावून दोनदा मोजलंय. लांबी सहा फूट, रुंदी तीन, उंची साडेतीन. चित्र मागं काढलंय.

तुमची
अंजना


भोर
१३ ऑगस्ट २०२४

चि. अंजनास,
तुला, दीपमालाला आन तुमच्या यंत्रालाबी जय भीम.

चित्र बघितलं. पोरीचा हात सरळ हाय गं. मोटर कुठल्या अंगाला, ती जमिनीपासनं किती वर, समदं दाखवलंय. हितं भोरात चांगली शिकलेली माणसं "साधारण एवढं" म्हणून दोन हात पसरून दाखवतात आन म्या त्या दोन हातांवर कव्हर शिवायचं.

आता हिशोब ऐक, तिलाबी वाचून दाखव, शिकली तर बरंच हाय. कापडाचा पन्हा चार फूट. एक लांब पट्टी यंत्राच्या पुढच्या अंगानं वर चढंल, माथ्यावरनं जाईल आन मागं उतरंल. साडेतीन, सहा, साडेतीन, झाले तेरा. दोन्ही कुशींना सहा-सहा फुटांचे तुकडे, झाले पंचवीस. शिवण आन खालची दुमड याला एक फूट. सव्वीस. हितं अर्धवट शिंपी थांबतो. पण क्यानवास कोरा असतो, पयल्या पाण्याला आकसतो. म्हणून वारामागं तीन बोटं जास्त धरायची. कुणी शिकवलं न्हाई मला हे. ट्रकची फाटकी ताडपत्री उसवून शिवण शिकलो आन तीन कव्हरं वाया घालवून ही तीन बोटं शिकलो. सगळं धरून साडेनऊ वार, म्हणजे साडेअठ्ठावीस फूट घ्या.

कापड आलं की आधी हौदात भिजवणार, पिळून वाळवणार, मगच कात्री लावणार. आकसायचं ते माझ्या दारात आकसू दे, तुमच्या यंत्रावर नगं.

दीपमालाला म्हणावं, माप घेणाऱ्याची निम्मी शिलाई असते.

तुझा दादा
जगन


भोर
५ सप्टेंबर २०२४

चि. अंजनास जय भीम.

कव्हर गेनबाच्या टेम्पोत टाकलंय. उशीर झाला खरा. हितं ऊनच पडंना, त्यात माझं बाहेरगावी जायचं काम निघालं. पण झालं एकदाचं. चारी कोपऱ्यांना पितळी कडी लावलीय, दोरी त्यातनं ओवायची. कापड बरोबर पुरलं, चिंधीसुद्धा उरली न्हाई.

भिजवून वगैरे घेतलंच हाय.

वरनं घालताना दोघींनी दोन बाजू धरा. ओढाताण करू नका.

जगन


गुंजवणे
११ सप्टेंबर २०२४

दादा, जय भीम.

कव्हर असं बसलंय की बाळंतिणीच्या घरातलं झबलं बाळाला बसावं. अगदी चाकाच्या वर चार बोटं. सखूबाई भोवतीनं दोनदा फिरल्या आन म्हणाल्या, ह्याच्यात तर यंत्र नवऱ्यामुलासारखं दिसतंय. बाया लई हसल्या. दीपमालानं रोज सकाळी झटकायचं ठरवलंय.

सखूबाईंचा जावई पानशेतला हाटेल चालवतो. बाहेरच्या बाकांना आन टेबलांना कव्हरं पायजेत म्हणत होता. तुमचं नाव दिलंय. चांगलं काम हाय, नीट करा. माझा भाऊ म्हणून मी छाती पुढं काढून सांगितलंय.

अंजना


गुंजवणे
२७ ऑक्टोबर २०२४

दादा, जय भीम.

वाईट झालं. गेल्या हप्त्यात परतीचा पाऊस दोन दिवस सारखा कोसळला. त्याच्या आधीपासनंच कव्हर काहीतरी वेगळं वाटत होतं. सप्टेंबरातल्या पावसांत भिजलं, वाळलं, पुन्हा भिजलं, आन बघता बघता वर चढलं. आता माथ्यावरच आवळून बसतंय, खाली ओढलं तरी मोटरीच्या अंगाला चांगली वीतभर उघडं. दीपमाला म्हणत होती, आई, कव्हर पुरत न्हाई. मी म्हणले, दोरी नीट बांध. तिनं खालनं गोणपाट खोचलं.

काल पयली मळणी. सगळ्या बाया भारे घेऊन आल्या. दीपमालानं बटण दाबलं, धूर निघाला आन मोटर जळली. मिस्त्री म्हणाला, आत पाणी गेलंय. आता भात दगडावर झोडायचं, हातानं. यंत्र घेतलं ते याच दिवसासाठी.

सखूबाईंनी सरळ इचारलं, माप चुकलं का? दीपमाला न्हाई म्हणते. म्हणते दोनदा मोजलंय. पण मग कव्हर तोकडं कसं? शनिवारी गट बसणार हाय. देखभाल तिच्याकडं ठेवायची का न्हाई ते ठरणार. सखूबाई म्हणाल्या, शिवणाऱ्यालाच लिहून इचारा, तो सांगंल ते खरं.

तेव्हा दादा, काय ते स्पष्ट लिहा. गेनबा थांबलाय, त्याच्याकडंच उलटटपाली द्या.

अंजना


भोर
३० ऑक्टोबर २०२४

चि. अंजनास जय भीम.

वाचून वाईट वाटलं. यंत्राचं काम असंच असतं.

कव्हराचं म्हणशील, तर म्या कागदावर होतं तसंच शिवलं. टेप धरताना पोरीचा हात जरा ढिला-ताठ झाला असंल. उंचीत फरक पडला की सगळंच वर सरकतं. होतं असं, लहान हाय ती. तिला फार बोलू नका. पुढच्या खेपेला कुणी मोठं माणूस बरोबर घ्यावं.

पानशेतच्या कामाला लागलोय. जादा लिहीत न्हाई.

जगन


गुंजवणे
१२ नोव्हेंबर २०२४

दादा, जय भीम.

तुमचं पत्र शनिवारी गटात वाचलं. सखूबाईंनी मोठ्यानं वाचलं, दोनदा. दीपमाला खांबाला टेकून बसली होती. मला वाटलं, उलटून बोलंल, रडंल. तसलं काही न्हाई. कनवटीची चावी काढली, सखूबाईंच्या पुढं ठेवली, आन एवढंच म्हणाली, "मामांनी लिहिलंय ना, मग असंल."

घरी आल्यावर मीच तिला नगं ते बोलले. म्हणले, बारावी शिकून साधा टेप वाचता येत न्हाई तर काय उपेग. बाया हातानं भात झोडतायत, तळहात सोलतायत, आन त्या येता-जाता माझ्या दाराकडं बघतात. मला तोंड वर करता येईना, त्याचा राग तिच्यावर काढला. दुसऱ्या दिवशी ती उत्रोलीला माहेरी गेली. अजितनं फोनवर मला दोन शब्द सुनावले. म्हणाला, आई, ती खोटं बोलत न्हाई. मी म्हणले, मग तुझा मामा खोटं बोलतो का? त्यानं फोन ठेवला.

तुमी बरे हाय ना? पत्रं लई छोटी यायला लागलीत तुमची.

अंजना


भोर
२० नोव्हेंबर २०२४

चि. अंजना,

जय भीम म्हणायलासुद्धा जीभ जड झालीय, पण म्हणतो. हे पत्र बसून वाच.

पोरीचं माप बरोबर होतं. चूक माझी. आन चूक म्हणतोय तेबी पुरतं खरं न्हाई. चूक माणसाच्या हातनं नकळत होते.

तुमचं कापड आलं त्या दिवशी म्या हौद भरला. साडेनऊ वार क्यानवास पाणी प्याला म्हणजे रेडकाएवढा जड होतो. तो उचलायचा, पिळायचा, दोरीवर टाकायचा. तुझी वहिनी सगुणा होती तवर एक टोक तिच्या हातात असायचं, एक माझ्या. ती उजवीकडं पिळायची, म्या डावीकडं, आन पाणी कसं खळाळून पडायचं. ती जाऊन तीन वर्सं झाली. तेवढ्या काळात म्या एकबी जाड कापड भिजवलं न्हाई. तयार धुवट कापडाचीच कामं घेत आलो. कुणाला सांगितलं न्हाई, तुलाबी न्हाई. कमरेत जोर राह्यला न्हाई हे सांगायची लाज वाटली.

शेजारी गोरख राहतो, पैलवान गडी. हाक मारली असती तर एका हातानं पिळलं असतं त्यानं. गेलो होतो त्याच्या दारात. तो म्हणाला, काय काका, काय पायजे? आन माझ्या तोंडातनं निघालं, काड्यापेटी हाय का? काड्यापेटी घेऊन घरी आलो. हौदाचं पाणी सोडून दिलं. कापड कोरंच कापलं.

आता पुढचं ऐक, हे त्याच्याहून वाईट. सव्वीस फूट कापलं, अडीच फूट उरलं. ते आकसण्यासाठी धरलेलं कापड होतं, वारामागची ती तीन बोटं. चिंधी उरली न्हाई असं तुला लिहिलं आन त्याच कापडाची खोळ शिवून माझ्या मशीनला घातली. पाण्यानं खायचं ते म्या खाल्लं. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात, ते हेच. हे लिहितोय तवा ती खोळ समोरच हाय, चांगली बसलीय, कारण ती कधी पावसात गेली न्हाई.

तुझं ऑक्टोबरचं पत्र वाचताना दुसऱ्या ओळीलाच मला कळलं काय झालंय ते. सांगायला एक ओळ पुरली असती. पण तवा मशीनवर पानशेतच्या हाटेलवाल्याची कव्हरं पडली होती, सखूबाईंच्या जावयाची. मनात आलं, हे कळलं तर काम जाईल, नाव जाईल, भोरात माणसं म्हणतील जगन्या म्हातारा झाला. आन दीपमाला लांब होती, लहान होती, उलटून बोलणारी नव्हती. माणूस पाणी उताराकडंच सोडतो. म्या तिच्याकडं सोडलं.

आन वर लिहिलं, तिला फार बोलू नका. त्या वाक्याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. आधी ढकलायचं आन मग हात द्यायचा.

"मामांनी लिहिलंय ना, मग असंल." हे वाचल्यापासनं मला घास जात न्हाई. तिनं माझा मान राखला गं. तिला माहीत होतं आपलं माप बरोबर हाय, तरीबी राखला.

आता तुझ्याकडं एकच मागतो. माझं मागलं पत्र जसं गटात मोठ्यानं वाचलं, तसं हेबी वाचायचं. सखूबाईंनीच वाचायचं, दोनदा. हौद, काड्यापेटी, खोळ, काही गाळायचं न्हाई. आन पोरीला उत्रोलीसनं आणायला तू स्वतः जा.

तुझा
जगन


गुंजवणे
२ डिसेंबर २०२४

दादा, जय भीम.

पत्र मिळालं. दीपमालाला आणलं. मी स्वतः गेले होते. तिच्या आईनं पोहे केले, ते खाल्ले आन दीपमाला पिशवी घेऊन उठली. घर पुन्हा चालू झालंय.

पण पत्र मी वाचलं न्हाई गटात. रागावू नका. दोनदा घेऊन निघाले आन दोनदा वाटेतनं परतले. आई-बाप गेल्यावर तुमी मला वाढवलं. दुसऱ्याच्या कामावर राबून मला सातवीपर्यंत शिकवलं. ह्या गावात मी नवी नवरी आले तवा "जगनची भैन" म्हणून लोकांनी मला हात दिला. त्या माणसाचं असं पत्र मी सखूबाईंच्या हातात देऊ? त्या पत्रातला शब्दन् शब्द पानशेतपर्यंत जाईल. झाकली मूठ बरी.

भात झोडून झालंय. मोटर नवी तार भरायला भोरला टाकलीय. लोक इसरतील. दीपमालाबी इसरंल, पोरीची जात, पोटात घालायची सवय असते. तिला मी आता काही बोलत न्हाई, उलट जपते. चावी सध्या सखूबाईंकडं हाय, पुढच्या साली बघू.

तुमी तब्येत सांभाळा. दोन घास खात जा.

अंजना


भोर
४ डिसेंबर २०२४

अंजना,

"पोरीची जात, पोटात घालायची सवय असते" हे तू लिहिलंस. म्या तुला हे शिकवायला शाळेत घातलं नव्हतं.

शनिवारी गट बसतो ना. सकाळच्या एसटीनं येतो.

जगन


गुंजवणे
१० डिसेंबर २०२४

दादा, जय भीम.

तुमी गटापुढं सगळं बोललात आन चहासुद्धा न घेता तसेच एसटीला गेलात. मी मागनं हाका मारल्या, तुमाला ऐकू आल्या न्हाईत का ऐकून घेतल्या न्हाईत ते तुमालाच ठाऊक. मागं काय झालं ते सांगते, कारण ते तुमाला कळायला पायजे.

तुमी खोळ मशीनवरनं काढून आणली होती, ती तशीच मधे पडली होती. सखूबाईंनी ती खोळ उचलली, उलटीपालटी केली आन म्हणाल्या, शिवण मात्र झकास हाय मेल्याची. कुणी हसलं न्हाई. मग त्याच म्हणाल्या की ते पत्र आपण दोनदा वाचलं, आपणबी एकदा टेप लावून बघितला असता तर हात मोडला असता का? यंत्र दारात, टेप घरात, आन आपण भोरचा कागद वाचत बसलो. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी एकीला लगेच धरणाच्या भिंतीपाशी पाठवून जावयाला फोन लावायला सांगितला, कव्हरं भिजवलेली हायत का इचारायला. तुमी आधीच त्याचं काम परत केलंय हे त्यानंच सांगितलं. हे तुमी आमाला बोलला न्हाईत.

मग सखूबाई माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, "अंजना, तुला हे कधी कळलं?"

दादा, मी म्हणले, "आत्ताच. तुमच्याबरोबरच."

तोंडातनं गेलंच. दीपमाला समोर बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. मी खोटं बोलतेय हे तिला ठाऊक असल्यासारखं, शांत. तुमचं पत्र मी तांदळाच्या डब्यात खाली ठेवलं होतं. घरात रोजचा तांदूळ कोण काढतं? मला हे आत्ता, तिनं बघितलं त्या घडीला सुचलं. माहेरासनं आल्यापासनं ते पत्र तिच्या हाताखाली होतं.

त्यांनी तिला चावी दिली. तिनं घेतली न्हाई. म्हणाली, इचार करून सांगते.

तुमी सांगून मोकळे झालात. मी काय करू ते सांगा. तुमच्यावर पांघरूण घालता घालता मी कुणाला उघड्यावर ठेवलं ते मला कळलंय. तुमी निदान उतार बघून पाणी सोडलं. माझी तर ती घरातली. आई म्हणते मला.

अंजना


भोर
१४ डिसेंबर २०२४

अंजना,

मोकळा झालो म्हणतेस. तसं काही वाटत न्हाई. एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या माणसानं इचारलं, काका, मयतीला गेला होता का? म्या हो म्हणलं.

तू काय करायचं ते मला इचारू नगंस. मला इचारलंस म्हणजे पुन्हा तू भोरचाच कागद वाचणार. ती घरात हाय, दोन खोल्यांच्या घरात. आज सांग. तिनं माफ करावं म्हणून सांगू नगंस. तिनं माफ न्हाई केलं तरी आपलं सांगायचं राहतंच.

मला एका गोष्टीचं बरं वाटलं. काल गोरखला हाक मारली. म्हणलं, बाबा, कमरेत जोर न्हाई, कापड पिळायला ये. तो म्हणाला, एवढंच ना काका. तीन वर्सं ज्याला भीत होतो ते एवढंच निघालं.

जगन


गुंजवणे
२३ डिसेंबर २०२४

मामांना दीपमालाचा जय भीम.

तुम्हाला मी पहिल्यांदाच लिहिते आहे. आजवर तुमची पत्रं फक्त वाचली. काही वाचायला दिली म्हणून, एक न विचारता.

आईंनी परवा मला सांगितलं. मी भाकरी थापत होते, त्या मागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मला कधीच कळलं होतं, मी झाकून ठेवलं. मी म्हटलं, मला माहीत आहे, मी वाचलंय. त्यांना वाटलं होतं त्या मला काहीतरी नवीन सांगतायत. मग त्या ओट्यापाशी बसूनच राहिल्या. तव्यावरची भाकरी करपली, दोघींनी पाहिली, कुणीच उलटली नाही.

खरं सांगायचं तर पत्र सापडल्यावर मी रोज तांदूळ काढताना बघायचे, ते जागेवर आहे का. ज्या दिवशी नसेल त्या दिवशी आई ते गटात घेऊन गेल्या असतील, असं मनाशी धरलं होतं. ते रोज असायचं. माप चुकलं म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मला एवढं लागलं नव्हतं. तेव्हा मी स्वतःवरच शंका घेतली. रात्री मनात टेप धरून मोजायचे, बोटं आठवायचे. उत्रोलीला माझ्या वडिलांच्या पलंगाचं, दाराचं, शेळीच्या खोपटाचं, सगळ्याचं माप घेऊन बघितलं, माझा हात खरंच ढिला आहे का म्हणून. तिथं माझी आई म्हणाली, येडी झालीस का गं. मामा, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. तुमच्या पत्रात हौद आहे, काड्यापेटी आहे, खोळ आहे. ही शेळी नाही.

तुम्ही आलात, उभं राहून बोललात. माझ्या बाजूनं एवढं कुणी बोललेलं मी ह्या गावात ऐकलं नव्हतं, आणि बोलायची वेळ ज्याच्यामुळे आली तोच बोलत होता. त्यामुळे मला रडू आलं का राग आला, ते अजून ठरत नाही.

आई सध्या माझ्या ताटात दोनदा वाढतात. मी नको म्हटलं तरी वाढतात. अजित हसतो. मलाही हसू येतं. पण राग अजून आहे. तो गेला की मी आपणहून सांगेन, तोवर तुम्ही आईंना समजावणारं पत्र पाठवू नका. त्यांना थोडं लाजू द्या. तुम्हीही लाजा. मला दीड महिना एकटीला लाजायला लागलं होतं, आणि माझ्याकडे तर लाजायचं कारणच नव्हतं.

चावीचं सखूबाईंनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, घेईन, पण आधी एक काम सगळ्यांसमोर करायचं. मोटर भरून आली, बसवून झाली, आणि काल दुपारी विहाराच्या पडवीत सगळ्या जमल्या. टेपचं एक टोक सखूबाईंना धरायला दिलं, दुसरं आईंना. मी हात लावला नाही, वही घेऊन लांब उभी राहिले. त्यांनी वाचायचं, मी लिहायचं. सखूबाईंना चष्म्याशिवाय दिसेना, तर सगळ्या टेपवर वाकल्या.

नवीन कव्हरासाठी माप कळवते.

लांबी सहा फूट. रुंदी तीन. उंची साडेतीन.

दीपमाला